अठ्ठेचाळीस सेलची हजेरी

बॅटरीच्या दुकानात कपडे टिकत नाहीत. ॲसिडचा एक थेंब उडाला की पँटीला भोक पडलंच म्हणून समजा. माझ्या बायकोने लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला सांगून टाकलं होतं, "तुम्हाला नवीन कपडे घेणं म्हणजे पैसे पांझरा नदीत टाकणं!" कपडे गेले, पण किस्से साठत गेले. दुकानात माणूस बॅटरी चार्जिंगला लावतो, तासभर बाकड्यावर बसतो आणि उठताना एखादा किस्सा ठेवून जातो. मी काही मुद्दाम गोळा केले नाहीत बरं!

हल्ली कुणी विजेच्या गाडीचं नाव काढलं, की आमच्या ओळखीतले लोक माझ्याकडे वळतात. "बापू, तुम्ही तर पाहिलीये. मेंटेनन्स किती येतो हो?" पाहिलीये म्हणजे काय! सात वर्षं सांभाळलीये. धुळ्यात कुणी ऐकलंही नव्हतं, तेव्हा आमचे नाना विजेवर मोटार चालवत होते. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल.

आग्रा रोडवर आमची पत्र्याची शेड होती. निम्मी माझी, निम्मी उस्मानभाईंची. माझ्याकडे बॅटऱ्या, उस्मानभाईंकडे ब्रेक, स्प्रिंगचे पाटे आणि गाडीखालचं सगळं. नाना आयटीआयमध्ये मोटार वाइंडिंग शिकवून रिटायर झालेले. त्यांच्या बायकोला सगळा गाव अक्का म्हणायचा. अक्का देवपूरला मुलींच्या प्राथमिक शाळेत हेडबाई. घर नदीच्या अलीकडे, शाळा पलीकडे.

आणि अक्कांना दमा.

साधासुधा नाही. रिक्षाचा काळा धूर नाकात गेला, की शाळेत पोचेपर्यंत बोलणं बंद. टांग्यात बसल्या तर घोड्याच्या केसांनी शिंका आणि धाप. पायी पूल चढायचा, तर गुडघे नाही म्हणायचे. डॉक्टरांनी सांगितलं, "बाई, नोकरी सोडा." अक्का म्हणाल्या, "वर्गात मला काही होत नाही. मधला रस्ता तेवढा काढून टाका." रिटायर व्हायला सात वर्षं होती, आणि शेवटच्या दिवसाची हजेरी आपणच घ्यायची हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

नानांनी काढला मधला रस्ता. चाळीसगावच्या एका भंगारवाल्याकडे एक जुनी, दोन दारांची विलायती मोटार पडली होती. इंजिन नाही, नुसता सांगाडा. तो त्यांनी ट्रकवर घालून आणला, त्यात स्वतः वाइंडिंग केलेली मोटार बसवली आणि मागच्या सीटच्या जागी लाकडी पेटी करून तिच्यात ट्रकच्या आठ बॅटऱ्या मांडल्या. रात्रभर घरी चार्जिंगला लावायची आणि सकाळी अक्कांना शाळेत सोडायचं. धूर नाही, वास नाही. वेग सायकलपेक्षा थोडा जास्त.

पहिल्या दिवशी अक्का शाळेतून परत आल्या आणि शेडपाशी गाडी थांबवून म्हणाल्या, "बापू, आज मी प्रार्थना पूर्ण म्हटली." एवढंच म्हणाल्या. नाना दुसरीकडे तोंड करून चष्मा पुसत बसले.

*

गाडी पास करून घ्यायची होती. पासिंगचे साहेब फॉर्म घेऊन उभे राहिले.

"इंजिन नंबर?"

"साहेब, इंजिन नाही," नाना म्हणाले.

"मग चालते कशावर?"

"विजेवर."

साहेबांनी नानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे का पाहिलं कोण जाणे. "चालवून दाखवा," म्हणाले आणि गाडीच्या पुढ्यातच उभे राहून फॉर्म भरायला लागले.

नाना आत बसले. साहेब खाली मान घालून लिहितायत. दोन मिनिटं झाली आणि साहेब वैतागले. "अहो, सुरू करा ना! किती वेळ लावता!"

तोवर गाडीचा बंपर साहेबांच्या गुडघ्याला टेकला होता.

नाना खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "साहेब, सुरूच आहे. आपण जरा बाजूला व्हाल का?"

साहेब भला माणूस. चिडले नाहीत. इंजिन नंबरच्या रकान्यात मोटारीचा नंबर घातला. पुढे सायलेन्सरचा रकाना होता, तिथे जरा विचार केला आणि लिहिलं, "आवाज येत नाही. ठीक."

*

उस्मानभाई मात्र महिनाभर रुसून होते. गाडी शेडमध्ये आली की लांबून बघायचे. ऑइल बदलायचं नाही, प्लग साफ करायचे नाहीत, कार्बोरेटर नाही, रेडिएटर नाही. "बापू, इस गाडीमें मेरे लिए रख्खा क्या है? ये गाडी नहीं, इस्तरी है!"

मी आपला मिशीतल्या मिशीत हसायचो. गाडी म्हणजे बॅटऱ्या, आणि बॅटऱ्या म्हणजे मी!

सहाव्या महिन्यात नाना आले. गाडी मागून बसलेली, शेपूट जमिनीला लागायला आलेलं. आठ बॅटऱ्यांचं वजन म्हणजे मागे चार धट्टीकट्टी माणसं कायमची बसवल्यासारखं. पाटे चपटे झाले होते, मागची टायरं गुळगुळीत झाली होती, आणि पुलाच्या उतारावर ब्रेक लागता लागत नव्हते.

उस्मानभाई गाडीखाली गेले.  मग सरपटत बाहेर आले, कपाळाला ग्रीस लागलेलं, आणि तोंडभर हसू. "बापू! इंजिन गया तो क्या हुआ? वजन तो है!"

म्हणून मी सांगतो, इंजिन नाही म्हणजे खर्च नाही, असं समजू नका. खर्च फक्त गाडीत जागा बदलतो.

*

गाडी आल्यापासून नानांची गल्ली सुधारली. कशी ते ऐका. तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका असायची आणि नेमकी त्याच वेळी लाइट जायची. शेजारच्या शिंपीकाकांचा टीव्ही छोटा, बॅटरीवर चालणारा. पहिल्याच महिन्यात काकांनी वायरीचे दोन चिमटे आणून नानांच्या गाडीला लावले. पेटीचं झाकण उघडलं की मधोमध हाताशी येणारी बॅटरी सहावी, म्हणून दर रविवारी सहावीलाच चिमटे. अख्खी गल्ली अंगणात. "बठ्ठा शेतस ना?" सगळे आहेत ना, असं काका अहिराणीत विचारून घ्यायचे. टीव्ही गाडीच्या टपावर.

एका रविवारी ऐन लढाईत चित्र चारी बाजूंनी आक्रसायला लागलं. नाना ताडकन उठले. "बंद करा! सहावी मरेल!"

"पाच मिनिटं, नाना!" गल्ली ओरडली.

"पाच मिनिटं नाही नि दोन मिनिटं नाही! आठ जणी एका माळेत जोडल्यात. एक बसली की सगळ्या बसतात!"

सगळे अक्कांकडे बघायला लागले. हेडबाई आहेत, न्याय करतील. अक्कांनी टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं, "अहो, पाच मिनिटं द्या. मलापण बघायचंय."

सोमवारी गाडी पुलाच्या चढावर बसली. शिंपीकाका आणि गल्लीतल्या चार बाप्यांनी ती ढकलत शाळेपर्यंत नेली. आत अक्का ताठ बसून होत्या. त्या दिवसापासून नियम झाला, दर रविवारी वेगळी बॅटरी. शिंपीकाका सकाळी चहाच्या आधी कुंपणावरून विचारायचे, "नाना, आज कोनी पाळी शे?" आज पाळी कोणाची?

*

उन्हाळ्याचं सांगतो. आमच्याकडचा मे महिना म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. माणसाचं पाणी उडून जातं, तिथे बॅटरीचं काय! एका बॅटरीला सहा सेल. सेल म्हणजे बॅटरीतले कप्पे. आठी सक अठ्ठेचाळीस, आणि अठ्ठेचाळीस कप्प्यांना रोज डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी चालत नाही, विहिरीचं तर नाहीच. एकदा गावात कुठेच डिस्टिल्ड वॉटर मिळेना. नानांना कुणीतरी सांगितलं, फ्रीजमधला साठलेला बर्फ वितळवला की तेच पाणी.

गल्लीत फ्रीज एकच, डॉक्टरांकडे. नाना रोज संध्याकाळी काचेची बरणी घेऊन डॉक्टरांकडे गप्पा मारायला जायला लागले. आठ दिवसांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाना, तुम्ही आमच्याकडे येता की आमच्या फ्रीजकडे?"

नाना खरं बोलणारा माणूस. म्हणाले, "वहिनी, फ्रीजकडे. पण चहा घेऊन जाईन."

*

आता हजेरीचं. हा किस्सा मी सगळ्यांना सांगतो, पण अर्धाच सांगायचो. आज पूर्ण सांगतो.

नानांची रोज सकाळी एक पूजा असायची. हायड्रोमीटर म्हणजे एक काचेची नळी, वर रबरी फुगा. सेलमधलं ॲसिड त्यात ओढायचं, आतली कांडी किती तरंगते ते बघायचं आणि सेलची तब्येत कळते. नाना अठ्ठेचाळीस सेल तपासायचे आणि अक्का शेजारी खुर्ची टाकून लिहून घ्यायच्या. कशात? शाळेच्या हजेरीपुस्तकात! छापील रकाने, एक ते एकतीस तारखा. अक्का पुकारायच्या, "एक?" नाना आतून सांगायचे, "हजर." "दोन?" "हजर." सेल कमजोर असला की नाना म्हणायचे, "आजारी," आणि मेला की "गैरहजर." कुणी नानांना विचारलं, गाडीला मेंटेनन्स किती, तर ते पैशात सांगायचेच नाहीत. "रोज सकाळचा एक तास," म्हणायचे. "दोघांचा."

टीव्हीची पाळी लावली, तरी सहावी बॅटरी आजारीच. नानांनी वायरी बदलल्या, मी तिची टर्मिनलं घासली, काही उपयोग नाही. नाना पुस्तकं काढून बसले. पंधरा दिवसांनी अक्का म्हणाल्या, "ती सहावी बसते कुठे?"

"मधे."

"मधल्या बाकावरच्या पोरीकडे कुणाचंच लक्ष नसतं. तिला खिडकीशी बसवा."

नाना हसले. मीपण हसलो. पण अक्कांपुढे कोण बोलणार! सहावी उचलून कडेला ठेवली आणि पेटीला त्या बाजूने चार भोकं पाडली. आठ दिवसांत सहावी टुणटुणीत! मधे दाटीवाटीत ती बिचारी उकडून निघत होती, हे मोटार वाइंडिंगच्या मास्तरला कळलं नाही आणि मलाही कळलं नाही. त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला बॅटऱ्यांचे बाक बदलायचे.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगतो. पुढचं असं.

दोन-सव्वादोन वर्षांत पहिला संच थकला. आठांपैकी सहा बॅटऱ्यांत एक-एक सेल मेला होता. नाना आठही बॅटऱ्या घेऊन दुकानात आले. नव्या घेताना जुन्या भंगारात द्यायच्या, तशी पद्धतच होती. नाना म्हणाले, "बापू, बॅटरीचं पोट तुझ्या अभ्यासाचं. यातलं काही कामाचं आहे का रे?"

तेव्हाच्या बॅटऱ्या उघडता यायच्या. वरचं डांबर वितळवायचं, मेलेला सेल काढायचा, दुसरा बसवायचा. एक सेल मेला म्हणून उरलेले पाच मरत नाहीत. हे मला झोपेतही माहीत होतं.

मी म्हणालो, "काही नाही हो नाना. वरून पाणी छान दाखवतं, पण आतून प्लेटा झडल्यात. सगळं भंगार."

अक्का बाजूला उभ्या होत्या, काखेत हजेरीपुस्तक, आणि त्यात बेचाळीस सेल अजून हजर. म्हणाल्या, "हो का?"

"हो ना अक्का."

भंगार म्हणून घेतलेल्या त्या आठांतून मी सहा झकास बॅटऱ्या तयार केल्या आणि ट्रॅक्टरवाल्यांना विकल्या. लाइनीत सगळेच करायचे. मी काय वेगळं केलं? असं मी स्वतःला सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, झोपही चांगली लागली.

दुसरा संच बसला. त्या आठवड्यात मी नानांकडे सकाळी गेलो होतो. हजेरी चालू होती. "सत्तेचाळीस?" "हजर." "अठ्ठेचाळीस?" "हजर." आणि अक्का म्हणाल्या, "एकोणपन्नास?"

नाना पेटीतून डोकं वर काढून म्हणाले, "अगं, सेल अठ्ठेचाळीसच आहेत."

"मला मोजायला शिकवू नका," अक्का म्हणाल्या आणि एकोणपन्नासपुढे 'गै' लिहिलं. गैरहजर.

मला वाटलं, हेडबाईंची काहीतरी गंमत. पुढे जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा एकोणपन्नास गैरहजरच. दुसरा संच थकला. नानांनी तेच विचारलं, मी तेच सांगितलं, आणि अक्का त्याच सुरात म्हणाल्या, "हो का?"

*

तिसऱ्या संचाने दगा दिला तो नको त्या वेळी. अक्कांना रिटायर व्हायला तीन महिने उरले होते. फेब्रुवारीत गाडी पुलावर बसली ती बसलीच. नऊ सेल गैरहजर.

दोन दिवस अक्का तोंडाला पदर बांधून रिक्षाने गेल्या. तिसऱ्या दिवशी वर्गात हजेरीला उभ्या राहिल्या आणि आवाजच फुटेना. पोरी आपापलं नाव स्वतःच पुकारून स्वतःच 'हजर बाई' म्हणाल्या, असं नाना सांगत होते. 

मी म्हणालो, "नाना, आठ नव्या घ्या. मला पडतात त्या भावात देतो."

"ती घेऊ देत नाही. म्हणते, तीन महिन्यांसाठी आठ बॅटऱ्या? त्यापेक्षा मी राजीनामा देते. अर्ज लिहून ठेवलाय तिने. सोमवारी देणार." नाना बाकड्यावर बसले. माझ्या दुकानातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाले, "आपल्या जुन्यातले नऊ सेल जरी धड असते ना… पण तू तर बघितलं होतंस. सगळं भंगार."

टोमणा नव्हता हो! टोमणा असता तर मी उलटून बोललो असतो, मला येतं ते. नानांनी ते अगदी सरळ मनाने म्हटलं.  पासष्ट वर्षांचा माणूस माझ्या शब्दावर माझ्यासमोर हताश होऊन बसला होता, आणि तो शब्द खोटा होता.

मी म्हणालो, "सोमवारपर्यंत थांबा. बघतो काय ते."

ढिगात नानांचे चांगले सेल निघाले चार. एक बॅटरी लग्नात लाऊडस्पीकर लावणाऱ्याला विकली होती, ती नवी देऊन परत आणली. तिच्यातले दोन कामाचे निघाले. उरलेले तीन कुठे, तर फैजपूरला. तिथले चौधरीआबा, मोठे केळीवाले, त्यांच्या ट्रॅक्टरवर.

शनिवारी नवी बॅटरी मांडीवर घेऊन मी बसने फैजपूरला गेलो. आबा केळीच्या बागेत होते. म्हटलं, "आबा, मी दिलेली ती बॅटरी परत पाहिजे. बदल्यात ही नवी घ्या. वर काही नको."

आबा माझ्याकडे बघत राहिले. "काय भो, बिघडली म्हणून बॅटरी परत द्यायला गिऱ्हाईक येतं. चालू बॅटरी परत न्यायला दुकानदार येतो, हे मी आजच पाहतोय! चोरीची व्हती का काय?"

मी म्हणालो, "नाही हो आबा." मग म्हणालो, "तशीच म्हणा."

 आबांनी ट्रॅक्टरवरून बॅटरी काढून दिली आणि वर केळीची एक फणी. येताना बसमध्ये ती जुनी बॅटरी मांडीवर होती. माझी नवी पँट पार जाळीदार झाली, आणि पहिल्यांदाच मला पँटीचं काही वाटलं नाही.

रविवारी दिवसभर डांबर वितळवत बसलो. उस्मानभाईंनी आपलं काम बाजूला ठेवून पेटी उतरवायला आणि चढवायला हात दिला. काही विचारलं नाही. शेजारी बसणाऱ्या माणसाला सगळं माहीत असतंच. सोमवारी सकाळी नऊच्या नऊ सेल हजर. अक्कांनी राजीनाम्याचा अर्ज पर्समधून काढून नानांच्या हातात दिला. नानांनी त्याने टर्मिनलवरचं ग्रीस पुसलं.

"हे सेल कुठले, बापू?" अक्कांनी विचारलं.

"आणले इकडून तिकडून," मी म्हणालो.

"हो का?" अक्का म्हणाल्या. पुस्तकात एकोणपन्नासपुढे त्या दिवशीही 'गै'च.

*

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी अक्का रिटायर झाल्या. गाडी तीन महिने एक दिवसही बसली नव्हती. दुपारी शाळेतून येताना ती शेडपाशी थांबली. पुढच्या सीटवर अक्का, मांडीवर नारळ, शाल, झेंडूचा हार आणि पेढ्यांचा पुडा. आवाज खणखणीत.

"शाळेतली शेवटची हजेरी मी घेतली, बापू," त्या म्हणाल्या. "आता गाडीतली शेवटची तुमच्या दुकानात घ्यायची आहे."

उस्मानभाईंनी खुर्ची दिली. नाना हायड्रोमीटर घेऊन मागच्या पेटीत वाकले. अक्कांनी पुस्तक उघडलं.

"एक?"

"हजर."

"दोन?"

"हजर."

ऊन रणरणत होतं, आग्रा रोडवरून ट्रक जात होते, आणि आम्ही चार मोठी माणसं बॅटऱ्यांची हजेरी घेत होतो. मी दाराशी उभा होतो. चाळीस झाले, पंचेचाळीस झाले.

"अठ्ठेचाळीस?"

"हजर!" नाना म्हणाले.

"एकोणपन्नास?"

"अगं, सेल अठ्ठेचाळीसच आहेत," नाना पेटीतूनच ओरडले. "पाच वर्षं होत आली, किती वेळा सांगू?"

 अक्का पेन त्या रकान्यावर टेकवून बसून राहिल्या. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. वर्गात एखादी पोर 'हजर' म्हणायची राहिली की बाई थांबतात ना, तशा थांबल्या होत्या. 

मी पुढे आलो. "अक्का, नाना, ते पहिले दोन संच भंगार नव्हते. प्लेटा झडल्या नव्हत्या. सेल चांगले होते, मला माहीत होतं. मी खोटं बोललो आणि विकले."

नाना हायड्रोमीटर हातात घेऊन उभे राहिले. नळीतून ॲसिडचे थेंब त्यांच्या धोतरावर टपटपत होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

अक्कांनी एकोणपन्नासच्या रकान्यात 'ह' लिहिलं. शाई वाळू दिली. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, पुड्यातला एक पेढा काढून माझ्या हातावर ठेवला आणि नानांकडे वळल्या. सात वर्षांत ज्यांच्या तोंडून आम्ही पुस्तकातली मराठी सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं, त्या अक्का अहिराणीत म्हणाल्या,

"चला हो. आज बठ्ठा हजर शेतस."